दूध देणाऱ्या विहिरीतलं डिझेल

१. तेल लागलं!

आमच्या वस्तीवरच्या विहिरीनं एकदा दूध दिलं होतं, हे मी कैक वर्षं सांगत आलोय आणि कैक वर्षं लोक हसत आलेत. हसू देत. पांढरंशुभ्र दूध होतं. मी स्वतः त्याचा चहा करून प्यालो. दाताखाली जरा कचकच लागली, पण रंग काय सुरेख आला होता! साक्षीदार म्हणाल तर फार नाहीत. त्या आठवड्यात मारुतरावांच्या परड्यात बोअर पाडायची गाडी आली होती आणि अख्खी वस्ती तिकडं तमाशा बघायला लोटली होती. विहिरीकडं कोण बघतो!

असो. दुधावर विश्वास नका ठेवू. डिझेलवर मात्र ठेवावाच लागेल, कारण त्याला सगळी वस्ती साक्षीला आहे.

आमची वस्ती शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याच्या जरा अलीकडं. पाऊस नुकताच उघडला होता. यंदा तो असा कोसळला होता, की माझ्या भोपळ्याच्या वेलावर मासे चढले होते. मी दोन काढले, बाकीचे भोपळ्यासाठी ठेवले. तर अशा एका सकाळी मी दात घासत असताना सत्यजीत बोंबलत आला. हा सत्यजीत पाण्याचा टँकर चालवतो. उन्हाळ्यात त्याच्यासारखा सुखी माणूस नाही आणि पावसाळ्यात त्याच्यासारखा दुःखी नाही.

"आबा, चला लवकर! मारुतमामाच्या विहिरीला तेल लागलं!"

"कसलं तेल?"

"दुबईवालं! आता तुम्ही शेख आन् मी तुमचा ड्रायव्हर!"

गेलो. पाण्यावर इंद्रधनुष्य पसरलं होतं आणि वास असा, की एस.टी.च्या डेपोत उभं राहिल्यासारखं वाटावं. कठड्याभोवती सगळी घरं जमली होती. विहीर मारुतरावांची, पण पितात सगळेच तिचं.

सत्यजीतनं खिशातून काडेपेटी काढली. "खरंच तेल हाय का बघू या. एक काडी टाकतो."

काडी ओढायच्या आत त्याच्या हातावर सणसणीत चापट बसली. पेटी चिखलात पडली. चापट मारली होती नागसेननं. हा ताईबाईचा मुलगा. भीमा ओलांडून रोज कुरकुंभला जातो आणि तिथल्या एका औषधाच्या कंपनीत सेफ्टीचं काम बघतो.

"येडा झाला का रं? सगळे मागं सरा. बिड्या विझवा. मोटार कुणी चालू करू नका. डिझेल हाय ते."

गर्दीतून मारुतराव पुढं आले. माजी सरपंच, मोठे बागायतदार, आणि आयुष्यात कुणाला काही विचारायची वेळ आलेली नाही असा चेहरा.

"आमाला अजून वासाचा पत्ता लागंना," ते म्हणाले, "आन् तुला लगीच नाव ठाऊक? बारसं तूच केलं वाटतं?"

"मामा, माझं कामच हाय ते."

"मामा," सत्यजीत हात चोळत म्हणाला, "परवा सांजच्याला ह्यो दोन कॅन घेऊन विहिरीच्या वाटंनं चालला हुता. मी बघितला."

सगळ्यांच्या माना नागसेनकडं वळल्या. मारुतरावांनी कठड्यावर हात आपटला.

"ऐका सगळे! ज्यानं ह्ये केलं, त्यानं विहीर साफ होईस्तवर घराघरात खांद्यावरनं पाणी वाहायचं. त्यो कुणीबी असू दे, माझा शब्द हाय. आन् नागसेन, उद्या सकाळी ठाण्यात अर्ज देतो. तुझ्या कंपनीतबी कळवतो, की तुमचा माणूस घातक माल घरी आणतो म्हणून."

नागसेनचा चेहरा उतरला. पुढच्या महिन्यात तो कंपनीत कायम व्हायचा होता. अशी एक तक्रार गेली की ती ऑर्डर कायमची कपाटात. मागं उभ्या असलेल्या ताईबाईनं रिकामा हंडा खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं.

"सावळारामभावजी, तुमच्या बहिणीला फोन लावा की."

मी लावलेलाच होता.

२. आक्काचं नाक

माझी थोरली बहीण म्हाळसा दौंडला रेल्वे पोलिसात हवालदार होती. तिची ड्यूटी असली की दौंडचे पाकीटमार रजा टाकून नगरला जायचे. एकदा तिनं मालगाडी नुसती हुंगून सांगितलं होतं, की आठव्या डब्यात चोरीची हळद आहे आणि ती सांगलीची आहे. आता ती रिटायर झालीय. नाक झालेलं नाही.

दुपारपर्यंत ती केडगाव स्टेशनावर उतरून जीपनं आली. चहा घेतला नाही. "आधी विहीर," म्हणाली.

आमच्या विहिरीवर लोखंडी जाळी आहे. बिबटे पडतात म्हणून बसवली. आक्का जाळीपुढं उकिडवी बसली आणि एकेक गज बोटानं पुसत गेली. बोट धुळीनं भरलं, पण तेलाचा मागमूस नाही. कठडाही कोरडा. जाळीच्या एका कोपऱ्यात कोळ्यानं जाळं विणलं होतं आणि आत तीन माश्या वाळत टाकल्या होत्या.

"सावळ्या, तू दोन कॅन डिझेल ह्या जाळीतनं ओतलंस तर काय होईल?"

"आक्का, मी कशाला ओतू?"

"समज ओतलंस."

"गजावर सांडंल. कठड्यावर उडंल."

"आन् कोळ्याचं घर?"

"वाहून जाईल."

"मग?"

तिनं पिशवीतून पांढऱ्या फडक्याचा बोळा काढला, सुतळीला बांधून मोटारीच्या पाइपाशेजारच्या फटीतून खाली सोडला आणि वर ओढला. बोळा पिवळट तपकिरी झाला होता. हुंगला. मान हलवली. मग हातआरसा काढला, उन्हात धरला आणि उजेडाचा कवडसा विहिरीच्या आत भिंतीवर फिरवत राहिली. मारुतरावांच्या घराकडच्या अंगाला खडकात एक चीर आहे. पावसाळ्यात तिथून झरा येतो. कवडसा तिथं थांबला.

सगळ्या विहिरीचं शेवाळ हिरवंगार होतं. त्या चिरेखालचा पट्टा तेवढा काळा पडला होता.

आक्कानं आरसा पिशवीत टाकला. "वरनं कुणीबी काहीबी ओतलेलं न्हाई," ती म्हणाली.

"मग आलं कुठनं?"

"चल, आधी माणसं बघू. खडक कुठं पळून जात न्हाई."

३. निळं आणि पिवळं

सत्यजीत पाराजवळ सापडला. मोबाईलवर टँकरच्या ऑर्डरी घेत होता.

"धंदा जोरात हाय की," आक्का म्हणाली.

"देवाची कृपा, आत्या."

"देवाची का डिझेलची? विहीर बिघडली की पोट कुणाचं भरतं, ह्ये मला दौंडात बसूनबी कळतं."

सत्यजीतनं मोबाईल खिशात टाकला. "आत्या, आईची आन! माझा टँकर गेल्या आठवड्यापासनं दौंडात गॅरेजला पडलाय. गिअरबॉक्स काढून ठिवलाय. ह्या ऑर्डरी मी चुलतभावाच्या टँकरवर घेतोय. आन् माझ्याकडं डिझेल असतं तर म्या ते विहिरीत टाकलं असतं का? टाकीत टाकलं असतं!"

हे आक्काला पटलं. मलाही पटलं. सत्यजीत वाया घालवण्यातला नव्हे.

नागसेनच्या घरी ताईबाई उंबऱ्यात बसली होती. नागसेननं आम्हांला पडवीत नेलं. तिथं सावलीत, भिंतीपासून सुटे, चुलीपासून लांब, कॅन ओळीनं उभे होते. झाकणं घट्ट. प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवलेली: 'जुनं रॉकेल. पिऊ नये. पेटवू नये.'

"आईच्या रेशनच्या काळातलं हाय," तो म्हणाला. "गॅस आला तरी टाकवंना म्हणून ठिवलेलं. उन्हाळ्यात पलीकडच्या उसाला आग लागली तवा मला धडकी भरली. घराघरात अशा बाटल्या, डबे. कुणी थंड पेयाच्या बाटलीत भरून ठिवलेलं, पोरानं उचलून तोंडाला लावलं तर? म्हणून गोळा करत हिंडतोय. सत्यजीतनं बघितलं ते त्येच कॅन. ओढ्यात ओतायचं न्हाई, गटारात न्हाई, मातीत न्हाई, चुलीत तर मुळीच न्हाई. सरकारी परवान्याची गाडी असती जुनं तेल न्यायला. तिला फोन केलाय. येत्या सोमवारी न्हावऱ्याला येतीय."

"उघड एक," आक्का म्हणाली.

नागसेननं झाकण फिरवलं. आक्कानं फडक्याचा दुसरा बोळा बुडवून वर काढला. निळा. रेशनचं रॉकेल निळं असायचं, हे माझ्या वयाच्या कुणालाही ठाऊक आहे. तिनं दोन्ही बोळे शेजारी धरले: एक निळा, एक पिवळट तपकिरी.

"झालं की मग!" ताईबाई उठून उभी राहिली. "माझं पोरगं सुटलं!"

"न्हाई ताईबाई. मारुतराव म्हणतील डिझेल येगळ्या कॅनमध्ये हुतं. पोरगं सुटायला खरा माणूस सापडावा लागंल." आक्का नागसेनकडं वळली. "वस्तीत डिझेल कुणाकडं हुतं रं?"

नागसेन घुटमळला. आईकडं बघितलं. "हुतं एका घरात. म्या मागितलंबी हुतं, तर 'कालचं पोरगं' म्हणून हाकललं. पण त्यांचं नाव घेतलं तर म्हणतील, ह्यो आपली चोरी दुसऱ्याच्या गळ्यात घालतोय."

त्यानं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही राहिली नाही, कारण तेवढ्यात मारुतरावांच्या परड्यातून म्हशीचा असा काही हंबरडा ऐकू आला, की आक्का तशीच उठून चालायला लागली.

४. म्हशीची साक्ष

परड्यात मारुतरावांची सून स्नेहल म्हशीची समजूत काढत होती. पुढ्यात टँकरच्या पाण्यानं काठोकाठ भरलेला मोठा लोखंडी ड्रम. म्हैस तोंड लावायची, फुर्रकन शिंकायची आणि मागं सरायची.

"मघापासनं अशीच करतीय, आत्या," स्नेहल म्हणाली. "मामंजी म्हणत्यात विहिरीचा वास नाकात बसलाय तिच्या."

"टँकरचं पाणी ना हे?"

"व्हय. चांगलं गोड हाय. मी पिऊन बघितलं, थेट पाइपातनं."

"मग पाण्याला न्हाई, ड्रमाला भितीय ती." आक्कानं ड्रमाच्या काठावरून बोट फिरवलं आणि हुंगलं. "कशाचा ड्रम ह्यो?"

उत्तर मागून आलं.

"डिझेलचा," मारुतराव म्हणाले. ते अंघोळ करून, खांद्यावर उपरणं टाकून आले होते. "लपवायचं काय त्यात? आधी वीज रातची यायची, तवा इंजिन चालवायचो, म्हणून भरून ठिवायचो. मग सौर पंप आला. इंजिन भंगारात गेलं, डिझेल तसंच ऱ्हायलं. उन्हाळ्यात उसाला आग लागली तवा ह्या पोरीनं डोकं खाल्लं, घरात बॉम्ब ठिवलाय म्हणून. लावली म्या त्याची विल्हेवाट. साबणानं ड्रम धुतला, आज पाण्याला काढला."

आक्का दमल्यासारखी परड्यातल्या एका चपट्या फरशीवर बसली. फरशीवर मोगऱ्याची कुंडी होती, ती तिनं जरा बाजूला सरकवली.

"विल्हेवाट कुठं लावली म्हणायची?"

"हवालदारीणबाई, ती उन्हाळ्यातली गोष्ट. ह्ये डिझेल ह्या आठवड्यातलं. दोन्हीचा संबंध काय? माझ्या हातनं एक थेंब जमिनीवर सांडला न्हाई. आख्ख्या तालुक्यात इतकी पक्की विल्हेवाट कुणी लावली नसंल!"

हे बोलून ते छाती काढून गेले. आक्कानं स्नेहलला जवळ बोलावलं.

"तू बघितलंस का कुठं लावली?"

"न्हाई आत्या. मी माहेरी केडगावला गेले हुते. आले तर ड्रम रिकामा. जायच्या आधी मी म्हणले हुते, नागसेनभाऊंना द्या, त्यांना त्यातलं कळतं. तर मामंजी म्हणाले, कालचं पोरगं मला शिकवणार का!"

आक्का उठली. पदर झटकला. मग थांबली, वाकली आणि ज्या फरशीवर बसली होती तिच्या कडेला नाक नेलं. बराच वेळ तशीच राहिली.

"सावळ्या," ती हळूच म्हणाली, "ह्या फरशीखाली काय हाय?"

"फेल गेलेला बोअर. तीनशे फूट गेले, नुसता फुफाटा निघाला."

"आन् तुझ्या विहिरीनं दूध दिलं, ते कवा?"

५. दूध

आता सांगा, माझं दूध आयुष्यात पहिल्यांदा कुणी गंभीरपणानं विचारलं, आणि ते भर दुपारी, म्हशीपुढं!

"बोअर पाडत हुते त्याच आठवड्यात," मी म्हणालो. "पण आक्का, तू तर कवाच खरं मानलं न्हाईस."

"चहात कचकच लागली म्हणाला हुतास."

"लागली."

"दुधात कचकच कशाची?"

आक्का तडक ताईबाईकडं गेली. "ताईबाई, विहिरीचं पाणी पांढरं झालेलं तुम्हांला आठवतं का?"

"न आठवायला काय झालं?" ताईबाई म्हणाली. "हंडेच्या हंडे ओतून दिले. तळाशी पिठासारखा गाळ बसायचा. ह्ये भावजी त्याला दूध म्हणत सुटले, म्हणून मी लाजंकाजंनं गप ऱ्हायले. त्यांच्यासंगं येड्यात कशाला निघा?"

आक्का हसली. दौंडला तिचं हे हसू बघून चोर आपणहून खिसे रिकामे करायचे. "सगळ्यांना मारुतरावांच्या परड्यात बोलवा," ती म्हणाली. "आन् सत्यजीतला सांगा, येताना बिडी ओढू नकोस म्हणावं."

६. फरशीखाली

सगळी वस्ती जमली. मारुतराव खुर्चीवर, मोबाईल हातात, अर्जाचा मजकूर तोंडपाठ. नागसेन आईशेजारी उभा. आक्का फरशीपाशी.

"मारुतराव, विहिरीत वरनं काही पडलेलं न्हाई. कोळ्याचं जाळं शाबूत हाय. डिझेल आलंय भिंतीतल्या चिरंतनं, तुमच्या घराकडच्या अंगानं. नागसेनच्या कॅनमध्ये निळं रॉकेल, विहिरीत पिवळं डिझेल. वस्तीत डिझेल हुतं एकाच घरात. म्हशीला इच्यारा."

म्हशीनं वेळ साधून फुर्र केलं. लोक हसले.

"पण ते मी उन्हाळ्यात..." मारुतराव उठले.

"बोअरमध्ये ओतलंत."

"मग? कोरडा ठाक बोअर त्यो! तीनशे फूट खाली गेलं ते. तिथनं काय शिडी लावून वर येतंय?"

"शिडी पावसानं लावली. उन्हाळ्यात बोअर कोरडा हुता तवर डिझेल तळाला पडून ऱ्हायलं. यंदा पाऊस असा झाला की सावळ्याच्या भोपळ्यावर मासे चढले. बोअरमध्ये पाणी वर आलं. डिझेल पाण्यावर तरंगतं. पाण्यानं ते उचलून वर आणलं, आन् खडकातली चीर लागली तशी तिकडनं विहिरीत सोडलं. ती चीर बोअरला आन् विहिरीला जोडतीय."

"कशावरनं जोडतीय?"

"दुधावरनं," आक्का म्हणाली आणि माझ्याकडं बोट केलं. माझी छाती दोन वीत फुगली. "बोअर पाडला तवा मशीनच्या हवेच्या दाबानं खडकाचं पीठ त्याच चिरंतनं विहिरीत घुसलं. ह्यानं त्याचा चहा केला, ताईबाईनं हंडे ओतले. वाट तवाच दिसली हुती, कुणी बघितली न्हाई. सत्यजीत, उचल फरशी."

सत्यजीतनं फरशी सरकवली. आक्कानं लांब सुतळीला पांढरा बोळा बांधून बोअरमध्ये सोडला. सुतळी जात राहिली. एका जागी सैल पडली. आक्कानं ती सावकाश वर ओढली.

बोळा पिवळट तपकिरी. थेंब टपकत होते. भपका असा आला, की पुढची रांग मागच्या रांगेवर पडली.

मारुतराव बोळ्याकडं बघत राहिले. मग खुर्चीवर बसले, पुन्हा उठले.

"मला खरंच वाटलं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच असा बारीक ऐकला, "की पाताळात गेलं म्हंजी सुटलो."

७. शब्द

आता वस्तीनं शिक्षा विसरायची तयारी दाखवली होती. सत्यजीत तर म्हणाला, "जाऊ द्या, मामा, वयाचा मान हाय." मारुतरावांनी त्याच्याकडं असं बघितलं, की तो ड्रमामागं गेला.

"शब्द माझा हाय," ते म्हणाले. "कुणीबी असू दे, असंच म्हणालो हुतो ना? टँकर रस्त्यावर उभा करा." मग नागसेनपुढं येऊन थांबले. मिशी दोनदा कुरवाळली. "नागसेन, अर्ज न्हाई, फोन न्हाई. आन्... ह्ये आता काढायचं कसं रं?"

त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा कुणाला काही विचारलं. सबंध वस्तीनं ऐकलं.

नागसेननं भाव खाल्ला नाही. "मोटार बंदच ठिवायची मामा, न्हाईतर हेच पाणी शेतात जाईल. वरचं तेल शोषून घ्यायचे गठ्ठे मिळतात, ते तरंगत सोडू. बोअरमधलंबी उपसायचं. निघालेलं सगळं बंद ड्रममध्ये, ओढ्यात एक वाटीसुद्धा न्हाई. सोमवारच्या गाडीत माझे कॅन आन् तुमचे ड्रम बरोबर जातील. पाणी तपासून आल्याबिगार कुणी प्यायचं न्हाई."

"आन् म्हशीचा ड्रम?"

"त्योबी द्या. साबणानं डिझेल निघत असतं तर कंपनीनं मला पगार कशाला दिला असता?"

सोमवारी गाडी आली आणि गेली. विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट यायला मात्र दिवाळी उजाडली. तोपर्यंत वस्तीची पोरं टँकरपाशी रोज गर्दी करायची, कारण माजी सरपंच खांद्यावर हंडा घेऊन घरोघर पाणी घालतानाचं दृश्य पुन्हा बघायला मिळेल असं कुणालाच वाटत नव्हतं. मी त्यांच्यासोबत चालायचो. ओझं उचलायला नव्हे, गोष्टी सांगायला. एकदा तर हंड्याच्या वजनानं त्यांची सावली वाकलेली मी बघितली, ते मात्र ताठ होते.

पहिल्या दिवशी पहिला हंडा त्यांनी ताईबाईच्या दारात नेला. ताईबाई उंबऱ्यात कंबरेवर हात ठेवून उभी.

"ताईबाई, पाणी," मारुतराव म्हणाले.

ताईबाईनं हंड्यात वाकून बघितलं. हुंगलं. मग माझ्या आक्कासारखीच मान हलवली.

"ठिवा. पण मारुतराव, उद्यापासनं हंडा जरा घासून आणत जा. कालचं पोरगं दावील तुम्हांला कसा घासायचा ते."

मारुतरावांनी हंडा खाली ठेवला, आत नागसेनकडं बघितलं आणि म्हणाले, "दावशील का रं?"